ओली पाटी

आनंदराव गजभिये सरांची बोटं एका दिवसात गेली नाहीत. नवी नवरी जशी सासर-माहेर करते, तशी ती काही महिने जात-येत राहिली, आणि एकदा गेली ती परतलीच नाहीत.

सरांनी आधी संशय घेतला तो नागपूरच्या थंडीवर. चौऱ्याहत्तरचा डिसेंबर होता. सकाळच्या पहिल्या तासाला गणिताच्या पाटीतला शिशाचा खिळा कोणाच्याही बोटाला चावतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत. तेव्हा बोटं थंडीनं गारठली असतील, संक्रांतीनंतर बघू, असं ठरवून ते गप्प राहिले. संक्रांत गेली, पोरांनी स्वेटर काढून ट्रंकेत घातले, वसतिगृहाच्या गच्चीवर पापड वाळायला पडले. बोटांनी काही ते मनावर घेतलं नाही.

एखाद्या डोळस माणसाची बोटं बधिर झाली तर त्याला शर्टाची गुंडी लावायला जरा उशीर होतो, एवढंच. सर चौथ्या वर्षी देवीत आंधळे झालेले. सदर वस्तीच्या मागच्या ज्या अंध विद्यालयात ते गणित शिकवत, तिथंच ते शिकले होते. वाचणं बोटांनी, लिहिणं बोटांनी, रेडिओचं स्टेशन बोटांनी, बायकोचा राग तिच्या मनगटावर हात ठेवून बोटांनीच. बाकी शरीर होतं ते बोटांना शाळेत नेऊन पोचवण्यापुरतं.

शाळेतल्या गणिताची सगळी मदार पाटीवर. ही आपली दगडी पाटी नव्हे. ॲल्युमिनियमची जाड पाटी, तिच्यात अष्टकोनी भोकांच्या ओळीच्या ओळी, आणि त्या भोकांत उभे करायचे शिशाचे बारीक खिळे. खिळ्याच्या एका टोकाला कडेशी उंच धार, दुसऱ्या टोकाला दोन टोचरे दाणे. धार कोणत्या दिशेला आहे त्यावरून अंक ठरतो. आठ दिशांचे आठ अंक. खिळा उलटा केला की नऊ, शून्य आणि बेरीज-वजाबाकीची चिन्हं. खिळा एक घर फिरला की तीनाचे चार होतात. डोळस पाहुण्याला हे समजावून सांगितलं की तो म्हणतो, ‘वा, किती सोपं आहे,’ आणि संडास पाहायला पुढच्या इमारतीकडे जातो.

पोरांनी हिशेब मांडायचा, पाटी आडवी धरून सरांच्या टेबलावर आणून ठेवायची आणि समोर उभं राहायचं. सर ओळीओळीवरून बोट फिरवत. चूक सापडली की तो खिळा उपटून पोराच्या तळहातावर ठेवत. बोलणं नाही, मारणं नाही. एवढासा खिळा, पण तो घेऊन जागेवर परत जाताना पोराचे पाय जड होत.

आता सरांना पाटी नुसती पाटी लागे. खिळे आहेत एवढं समजे. कोणते आहेत ते समजत नसे. घराच्या भिंतीवरून हात फिरवावा तसं.

तोंडी विचारता आलं असतं. ‘काय मांडलं ते वाच’ म्हटलं की झालं. पण हा रस्ता धोंडबानं आधीच वापरून संपवला होता. धोंडबा म्हणजे वेताच्या खुर्च्या विणायला शिकवणारा मास्तर, तोही आंधळाच. वेत ओढून ओढून त्याच्या बोटांना घट्टे पडले आणि वीण कळेनाशी झाली, तेव्हा तो पोरांना तोंडानं विचारायला लागला. ‘बरोबर विणलं न गा? गाठ नाही न राह्यली?’ आठवडाभरात सगळ्या शाळेला समजलं. जिथं कोणालाच दिसत नाही तिथं सगळे ऐकत असतात. शाळेनं धोंडबाला शाल दिली, नारळ दिला, त्याच्या गुणांवर भाषण केलं, आणि संध्याकाळच्या आत त्याची खोली रिकामी केली. तेव्हापासून तो कळमन्याकडं भावाच्या ओसरीवर बसून असतो. काय करतो असं विचारलं तर लोक सांगतात, बसून असतो.

गणित सुटलं तर शाळेत सरांना दुसरी जागा नव्हती. फार तर वेताचा विभाग; आणि तिथं बोटं लागतात.

सरांना या गोष्टीची भीती वाटायला हवी होती. ती बोटांबरोबरच कुठं तरी गेली असावी. एकदा बसमधून उतरून घरी आले तर बायको, गोपिका, दारातच म्हणाली, “एक चप्पल कुठं हाय तुमची?” त्यांनी पाय घासून पाहिले. खरंच एकच होती. दुसरी इंदोऱ्याच्या रस्त्यात कुठं सुटली ते पायाला समजलं नव्हतं. “असन कुठं,” ते म्हणाले आणि आत जाऊन बसले.

गोपिका डोळस होती. तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता, पण सांगण्यातही नव्हता. तिनं चहा आणून पुढं ठेवला. सरांनी स्टीलचा ग्लास मुठीत धरला.

“अवो, सोडा. फडकं नाही, काही नाही, काय धरून राह्यले?”

“गरम हाय काय?”

“आत्ता उतरवला न स्टोववरून. बोटं पाहा, कशी लाल झाली. तुमाले लागत नाही काय?”

सरांनी उत्तर म्हणून ग्लास तोंडाला लावला. खालचा ओठ असा चटकला की ग्लास हिंदकळून चहा सदऱ्यावर सांडला.

गोपिका ओरडली. सर मात्र तसेच बसून राहिले. ओठ चुरचुरत होता. त्यावरून त्यांनी जीभ फिरवली. ओठाला ग्लासाची गोल कड समजली होती, आणि कडेवरचा पोचाही.

दुसऱ्या दिवशी गोपिकेनं त्यांना धरून गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, शुगर आहे. गोड बंद करा. बोटं परत येतील काय, असं गोपिकेनं विचारलं. डॉक्टरांनी गोड बंद करायला पुन्हा एकदा सांगितलं.

पाटी तोंडापर्यंत नेता येत नाही. तिरपी झाली की खिळे सांडतात. त्यामुळे तोंडच पाटीपर्यंत न्यावं लागतं. सोमवारी सरांनी सातवीच्या वर्गात पहिली पाटी पुढं ओढली, टेबलावर पार ओणवे झाले आणि खालचा ओठ पहिल्या ओळीवरून सरकवला. धार कुठं आहे ते समजलं. सात. मग दोन. हातचा एक. शिशाची तुरट चव, पोरांच्या बोटांचा वास, आणि आठ. समोर वीस-बावीस पोरं बसली होती आणि एकालाही काही दिसत नव्हतं. अंध विद्यालयाचा इतका फायदा सरांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, कारण ती समजायला बोटं लागतात.

“सर,” लतिका म्हणाली, “माही पाटी ओली काहून हाय?”

लतिका बारा वर्षांची, वर्गात पहिली येणारी. तिला प्रश्न विचारायची खोड होती, आणि ती सगळे शिक्षक गुणपत्रिकेत शेऱ्याच्या जागी लिहीत.

“घाम हाय,” सर म्हणाले.

“माघात?”

“बस वं जागेवर.”

ती बसली. पण संध्याकाळी वसतिगृहात पाट्या एकमेकांना दाखवण्यात आल्या. गोविंदाची सगळ्यांत ओली निघाली. गोविंदा हा मौद्याकडचा पोट्टा, स्वभावानं गरीब आणि भागाकारात त्याहून गरीब. लतिकाची जेमतेम दमट. मधल्यांची मधली. ज्याचे हिशेब जास्त चुकले त्याची पाटी जास्त ओली, हा नियम पोरांनी आपल्या आपण शोधून काढला. गणिताच्या शिक्षकाला याहून काय हवं असतं. खरं कारण सोपं होतं. चुकीच्या हिशेबावरून सरांचा ओठ दोन-दोनदा फिरे. पण पोरांनी निष्कर्ष वेगळा काढला, आणि तो गोविंदानंच बोलून दाखवला.

“सर रडून राह्यले गा आपल्या पाटीवर.”

कोणी हसलं नाही. सर तपासताना किती वेळ गप्प असतात, आवाज खालून येतो, मधेच नाक ओढतात, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. (नाक पाटीला लागे.) गेल्या कित्येक वर्षांत या पोरांपायी कोणी रडल्याचं त्यांना माहीत नव्हतं. घरची माणसं रडली असतील तर ती त्यांना इथं पोचवण्याच्या आधी. त्या रात्री गोविंदा पांघरुणात एकोणतीसचा पाढा म्हणत झोपला.

सरांना हे समजलं ते पंधरवड्यानं. गोविंदानं पाटी ठेवली आणि हळूच म्हणाला, “सर, आज नोका रडू. आज बरोबर हाय.”

सरांनी वाकून पाहिलं. बरोबर होतं.

त्यांनी गोविंदाला काही सांगितलं नाही. आपण रडत नाही हे सांगायचं तर मग काय करतो तेही सांगावं लागलं असतं. शिवाय आपल्याला वाईट वाटतं असं कोणी तरी समजून आहे, हे त्यांना ठीक वाटलं. आपलं काम परस्पर दुसरं कोणी करत असेल तर करू द्यावं.

पुढच्या चाचणीत सातवीचा गणिताचा निकाल असा लागला की अधीक्षक मधुसूदन बक्षी यांनी तो दोनदा वाचून घेतला. बक्षी डोळस होते आणि भाषणात अंधांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणत. वर्गांत ते सहसा जात नसत. तिथं पाहण्यासारखं काही नसतं असं त्यांचं मत होतं. पाहण्यासारखं जे होतं ते त्यांनी कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवलं होतं. परदेशातल्या कुठल्या संस्थेनं पाठवलेली गणिताची पेटी: लाकडी घन, पितळी शंकू, अपूर्णांकांच्या चकत्या, सगळं हातानं चाचपून शिकण्यासाठी. पोरांच्या हातात दिलं तर खराब होईल म्हणून कुलूप होतं. पोरांना त्या पेटीतलं एकच माहीत होतं, की काच गार असते.

“गजभिये,” बक्षी म्हणाले, “येत्या शुक्रवारी तपासणीचे साहेब आहेत. तुमचा वर्ग दाखवणार आहे मी. साहेब स्वतः हिशेब घालतील, मुलं मांडतील, तुम्ही तपासायचं. नुसतं असं अलगद बोट फिरवायचं ओळीवरून. फार छान दिसतं ते.”

“हो सर.”

“पेटीही काढू त्या दिवशी. टेबलावर मांडून ठेवू. हात कोणी लावायचा नाही.”

शुक्रवारपर्यंत सरांनी बरंच काही करायला हवं होतं. रजा टाकायला हवी होती, बक्षींना सांगायला हवं होतं, निदान झोप तरी उडायला हवी होती. ते वेळेवर जेवले आणि वेळेवर झोपले. गोपिका म्हणाली, “शाल देतीन तर बारीक पाहून घेजा. धोंडबाले दिलेली रंग सोडत होती.”

साहेब आले. बुटांच्या आवाजावरून वजनदार वाटले. त्यांच्यामागं बक्षींची चप्पल. साहेबांनी खिशातून कागद काढून भागाकार घातला. कागदावर उत्तर असणार हे सरांना वेगळं सांगायला नको होतं. पोरांचे खिळे टकटक वाजू लागले. लतिकाचे सगळ्यांत आधी थांबले.

तिची पाटी पुढं आली. सरांनी बोट फिरवलं. भिंत. फिरवत फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत नेलं आणि म्हणाले, “बरोबर.” लतिकाचं बरोबरच असणार होतं.

“वा,” साहेब म्हणाले. “पुढचा.”

पुढचा गोविंदा. गोविंदानं पाटी ठेवली आणि तो नेहमीप्रमाणे घशातून बोलला, “सर, थोडं पाहून घ्या.”

म्हणजे त्याचाच त्याच्यावर भरवसा नव्हता. सरांनी बोट ठेवलं. भिंतच. साहेबांचा श्वास उजव्या कानाशी होता, कागद डाव्या. ‘बरोबर’ म्हणावं आणि चुकीचं निघावं, की ‘चूक’ म्हणून भलताच खिळा उपटावा, यातलं काय बरं दिसेल याचा सरांनी क्षणभर विचार केला. दोन्हींच्या शेवटी शाल होती. मग ते वाकले आणि त्यांनी गोविंदाच्या पाटीला ओठ लावला.

वर्ग शांत होता. पोरांच्या दृष्टीनं काहीच वेगळं घडत नव्हतं. साहेब मात्र खाकरले.

“बक्षी, हे काय चाललंय?”

बक्षींनी आयुष्यात कधी ‘माहीत नाही’ हे शब्द वरिष्ठांसमोर उच्चारले नव्हते, आणि आज सुरुवात करायचं त्यांना कारण दिसलं नाही. “साहेब, ती आमच्याकडे परंपरा आहे,” ते म्हणाले. “साहित्याला वंदन. पाटीला वंदन केल्याशिवाय आमचे शिक्षक तपासत नाहीत.”

सर शेवटच्या ओळीवरून उठले. चाचपत एक खिळा उपटला आणि गोविंदाच्या हाताच्या दिशेनं पुढं केला. “पाच पाह्यजे. सहा मांडले तू.”

साहेबांनी कागद पाहिला. पाचच होते.

“बघा,” साहेब जरा वेळानं म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता, “आमच्या शाळांतली मुलं पुस्तकावर पाय ठेवून उभी राहतात.” नंतर ते पितळी शंकू पाहायला वळले.

परंपरा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. प्रार्थनेनंतर बक्षींनी जाहीर केलं की यापुढं गणिताच्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्यानं काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर पाटीला ओठ लावून वंदन करायचं. सरांना त्यांनी बोलावून काही विचारलं नाही. विचारलं असतं तर माहीत झालं असतं, आणि माहीत झालं की कारवाई करावी लागते. बक्षींची नोकरी व्यवस्थित चालली होती ती याच तत्त्वावर.

त्यामुळे सोमवारी बावीस पोरं आपापल्या मांडलेल्या हिशेबावर ओणवी झाली. एकवीस लगेच उठली. एक उठली नाही.

सुट्टीची घंटा झाली, बाकं सरकली, पायांचा गलका व्हरांड्यातून गेला. सरांना वाटलं वर्ग रिकामा झाला. तेवढ्यात टेबलावर पाटी टेकल्याचा आवाज आला.

“सर, एक हिशेब तपासता काय?” लतिका होती.

“तास संपला न.”

“एकच हाय.”

सर वाकले. गुणाकार होता. “तिसऱ्या ओळीत तीनाचे चार झाले.”

“मीच फिरवला होता खिळा. मुद्दाम. ओठाले चांगलं कळते सर. बोटापेक्षाबी बरं. मी वंदन करता करता अख्खा हिशेब वाचला.”

बाहेर कोणी तरी हापशी मारत होतं.

“मंग तुमी रडत नव्हते.”

“नाही.”

“एकडावबी नाही?”

सरांनी आठवून पाहिलं. “नाही.”

“बोटाले काहून नाही कळत?”

“शुगर हाय.”

“मंग गोड नोका खाऊ.”

“नाही खात.”

“तरी?”

“तरी.”

लतिका विचार करत असावी. ती विचार करताना खिळ्यांच्या डबीत हात घालून ते ढवळायची, तो आवाज येत होता. “मंग गोविंदानं एकोणतीसचा पाढा कोणासाठी पाठ केला?”

“सोतासाठी.”

“थो सोतासाठी काही करत नाही,” लतिका म्हणाली. “त्याले मंगळवारी जास्त भात भेटला तरी थो दुसऱ्याले देते.”

मग तिनं पाटी स्वतःकडं ओढली. एक बारीक, चाटल्यासारखा आवाज झाला.

“काय करून राह्यली वं?”

“चाखून पाह्यलं. खारट नाही.”

“कसं हाय?”

“खिळ्यासारखं.”

तिनं सरांचा हात धरून उलटा केला. सरांना ते मनगटापाशी समजलं. मग काही झालं नाही. थोड्या वेळानं फरशीवर टक् असा आवाज झाला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की तिनं तो चुकीचा खिळा त्यांच्या तळहातावर ठेवला होता आणि तो घरंगळून पडला. लतिका खाली वाकली. खिळा शोधायला तिला वेळ लागला. तो तिनं डबीत टाकला, पाटी उचलली, दारापर्यंत गेली.

“जाऊ सर?”

“जाय.”

कोणाला सांगू नको, असं सरांनी म्हटलं नाही. वसतिगृहात रात्रीच्या जेवणाला ही गोष्ट निघणार, सकाळपर्यंत वेताच्या विभागात पोचणार आणि दुपारी कार्यालयात, हा हिशेब त्यांनी घरी जाता जाता करून टाकला. बसमध्ये एका बाईनं त्यांना जागा दिली. घरी गोपिकेनं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही. पायात दोन्ही चपला होत्या, तेवढं तिनं पाहून घेतलं.

सकाळी ते शाळेत आले तेव्हा फाटकावरच्या चौकीदारानं रोजच्यासारखा रामराम केला. कार्यालयातून हाक आली नाही. सातवीचा वर्ग नको इतका शांत होता. वंदन झालं, पोरांनी हिशेब मांडला, आणि पहिली पाटी घेऊन गोविंदा आला. त्यानं ती अशी ठेवली की एक खिळा हलला नाही.

“सर,” तो म्हणाला, पण आवाज एकट्याचा नव्हता. मागं सगळा वर्ग श्वास धरून होता. “लतिकानं काल तुमी तपासलेली पाटी चाखून पाह्यली म्हणे.”

सरांनी पाटी पुढं ओढली.

“खारट होतं म्हणे. भल्लं खारट.”

लतिकाच्या बाकाकडून खिळे ढवळल्याचा आवाज येत होता. तेवढाच.

“आज माहं बरोबर हाय सर,” गोविंदा म्हणाला. “पाहून घ्या.”

सर वाकले. ओठ पहिल्या ओळीवरून नेला, दुसरीवरून, हातचे घेतले, बाकी तपासली. हिशेब बरोबर होता. ते दुसऱ्या ओळीतच समजलं होतं. पण वर्ग कान लावून बसला होता, म्हणून सर जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ वाकून राहिले.